नमुन्याचा खडा

माझ्या बहिणीने चारशे नव्वद किलो मीठ चोरलं असं मॅनेजर म्हणाला, तेव्हा मला आधी हसूच आलं. राग नंतर आला, आणि आला तो अजून गेलेला नाही.

हे मीठ खायचं नव्हे. आमचा कारखाना कापड रंगवतो आणि रंग सुतावर नीट चढावा म्हणून हौदात हे मीठ टाकतात. दिसायला काचेच्या तुकड्यांसारखं, चवीला कडवट, आणि पोटात गेलं तर माणूस दिवसभर संडासाची वाट सोडत नाही. चारशे नव्वद किलो कोणी नेलंच असतं तर चोर शोधायला पोलीस लागले नसते.

वर्षाची मोजदाद चालू होती. कारखान्याच्या मधल्या चौकात मोठा वजनकाटा आहे. गोदामातली पोती एकेक करून त्यावर चढवली. पन्नास पोती. आली तेव्हा बारदान वगळून अडीच हजार किलो होती, आता दोन हजार दहाच भरली. मॅनेजरने तिथल्या तिथे ताईकडून गोदामाच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि तिची पिशवी काट्यावर उलटी केली. जेवणाचा डबा, रुमाल, चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. चाळीस माणसं बघत होती. मी वरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून ते पाहिलं आणि लोखंडी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले.

"गेल्या वर्षी आबा, या वर्षी तुम्ही," मॅनेजर ताईला म्हणत होता. "त्या गोदामात शिरलं की हाताला खाज सुटते का? खाल्ल्या मिठाला तरी जागावं माणसाने."

"हे मीठ खाल्लं की जागावंच लागतं साहेब, रात्रभर," मी म्हणाले.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर हसला नाही. त्याच्या बगलेत माझी वही होती.

"बरं झालं आलात, काटेबाई." मला सगळे काटेबाई म्हणतात, कारण माझी पंचवीस वर्षं तराजूच्या काट्यापुढे गेली आहेत. काही जण स्वभावावरूनही म्हणतात. "ही तुमचीच वही ना? अक्षर तुमचंच? दर सोमवारी पाणी छप्पन टक्के. गेली दीड वर्षं एकदाही कमी नाही."

हे मीठ हाताला कोरडं लागतं, पण त्याच्या शंभर ग्रॅममध्ये छप्पन ग्रॅम पाणीच असतं. ते वरून लागलेलं नसतं, खड्याच्या घडणीतच बसलेलं असतं. तापवलं की निघून जातं आणि चव्वेचाळीस ग्रॅम पांढरी पूड उरते. दर सोमवारी मी गोदामातून नमुना आणायचे, तापवायचे, पुन्हा वजन करायचे आणि किती पाणी गेलं ते लिहायचे.

"म्हणजे पाणी सुकलं, ही सबब चालायची नाही," मॅनेजर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "माल जसाच्या तसा आहे, असं खुद्द यांच्या बहिणीने लिहून दिलंय. फक्त कमी आहे. मग तो काय पायांनी चालत गेला? शनिवारपर्यंत काय ते सांगा. नाहीतर सोमवारी पोलीस विचारतील."

ताईने काट्यावरच्या वस्तू एकेक उचलून पिशवीत भरल्या. गोळ्यांची पट्टी खाली पडली होती, ती मी उचलून दिली.

आबांबद्दल इथेच सांगायला हवं. ताईच्या आधी अठरा वर्षं आबा गोदाम सांभाळत होते. गेल्या वर्षी याच दिवसांत तीनशे साठ किलो मीठ कमी भरलं. तेव्हाही चौकच होता, वहीही हीच होती. आबा एवढंच म्हणाले होते की मी घेतलं नाही. त्यांना काढलं. मी वर खिडकीत उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, म्हातारपणी बुद्धी फिरली असं मनात म्हटलं होतं. मग घड्या घालण्याच्या खात्यातून ताईला आणून आबांच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या गेल्या.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ताईने चहा टाकला नाही. आम्ही दोघीच राहतो. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई एकोणीसची. तेव्हापासून मला काही झालं की ती आधी मला खायला घालते आणि मग बोलते. आज ती सरळ टेबलाशी बसली.

"त्या वहीत तू काय लिहितेस ते मला नीट सांग. शाळेतल्या पोरीला समजावतात तसं."

मी सांगितलं. तापवायची मूस, आच, वजन, पुन्हा आच, पुन्हा वजन.

"ते कळलं. खडा कसा घेतेस?"

"पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि काचेसारखा स्वच्छ खडा बघून घ्यायचा. वर भुकटी चिकटलेली असते ती फुंकायची."

"का फुंकायची?"

"केर असतो तो. मला शिकवलं त्या बाई म्हणायच्या, नमुना स्वच्छ हवा, नाहीतर आकडा घाण येतो."

ताईने चष्मा काढला. "बये, माझ्या गोदामात निम्मं पोतं तो केरच आहे. पांढरं पीठ नुसतं. पोतं हलवलं की केसांपर्यंत उडतं. मला वाटलं, तुला माहीत असेल."

भुकटी म्हणजे केर नव्हता. भुकटी म्हणजे तोच खडा, ज्यातलं पाणी निघून गेलं होतं. दीड वर्ष मी पोत्यातला सगळ्यात धडधाकट खडा शोधून काढत होते आणि त्याच्या तब्येतीवरून अख्खं पोतं ठणठणीत आहे असं लिहीत होते.

"वाफेचा पाइप तुमच्या भिंतीने कधी गेला?" मी विचारलं.

"मागच्या थंडीच्या आधी. नव्या हौदासाठी. साहेबांनीच तिकडून नेला, जवळ पडतं म्हणून." ताई बोलता बोलता थांबली. "थंडीत आत कसं उबदार असतं. आणि हवा एवढी कोरडी की माझे ओठ फुटतात."

बाहेर कोरडी थंडी, आत उबदार भिंत, आणि तागाची पोती, ज्यांतून हवा आरपार जाते. पाणी तिथून गेलं होतं. पाइप येण्याआधी अठरा वर्षांत आबांचं एकदाही कमी भरलं नव्हतं, हे आमच्यापैकी कोणालाही आठवलं नव्हतं.

मला मात्र आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती मी ताईला सांगितली. गेल्या थंडीत दोनदा माझा आकडा अठ्ठेचाळीस आला होता. दोन्ही वेळा माझ्या हातून चूक झाली असं समजून मी तो खोडला आणि नवा, आणखी छान खडा निवडून आणला. छप्पन आलं तेव्हा हायसं वाटलं. पुस्तकातला आकडा आला की मला नेहमीच हायसं वाटायचं. त्या दोन आकड्यांपैकी एक जरी वहीत राहिला असता तरी आबा वाचले असते.

ताईने चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाली, "हे बाहेर काढलंस तर तुझी नोकरी?"

"जाईल."

"मग?"

"मग काय. जाईल."

"किल्ल्या घेताना मी आबांच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं," ती म्हणाली. मग उठली आणि चहा टाकला.

शनिवारी सकाळी मी मालकीणबाईंना वर बोलावलं. त्या सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, तरी जिना चढून आल्या. मॅनेजर आला, ताई आली, रंगखात्याचे मास्तर आले. बाकीचे जिन्यावर उभे राहिले. माझी खोली एवढीशी आहे की सहावा माणूस आला तर पहिल्याला सिंकमध्ये बसावं लागेल.

"चोर मीठ नेतो तेव्हा पाण्यासकट नेतो," मी म्हणाले. "तो खड्यातलं पाणी इथे काढून ठेवून उरलेलं घेऊन जात नाही. बरोबर? मग चोरी झाली असेल तर उरलेल्या मालात पाणी छप्पन टक्केच असेल. आणि पाणी उडालं असेल तर उरलेलं मीठ कोरडं असेल, पण मीठ म्हणून जेवढं आलं होतं तेवढंच भरेल. पाणी हवेत जातं, मीठ जात नाही. अडीच हजार किलोत कोरडं मीठ आलं चव्वेचाळीस टक्के, म्हणजे अकराशे किलो. ते अकराशे खाली आहेत की नाहीत, एवढंच बघायचंय."

"आणि तुमची वही?" मॅनेजर म्हणाला.

"तिच्याकडे नंतर येऊ. नमुना तुम्ही घ्यायचा. मी हात लावणार नाही, ताईही नाही."

त्याला खाली जावंच लागलं. पन्नासही पोत्यांतून वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ, खडा असो की भुकटी, निवडायचं काही नाही. त्याचा काळा कोट पांढरा झाला तेव्हा जिन्यावरच्या लोकांनी फार सभ्यपणे तोंडं फिरवली. मग कागदावर सगळं कालवलं, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन बाजूला सारले, पुन्हा कालवलं, पुन्हा चार भाग. असं करत शेवटी थोडंसं उरलं, त्यातलं शंभर ग्रॅम मी चिनीमातीच्या मोठ्या मुशीत घेतलं आणि आच लावली.

हे मीठ आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळतं. पांढऱ्या ढिगाचं बघता बघता पाणी झालं. मालकीणबाई वाकून बघत होत्या.

"हे पाणी कोरड्या मिठातून आलं?"

"त्यातच होतं, बाई."

"आच वाढवा ना," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला. "दुपार होईल अशाने."

"वाढवली की तडतडून बाहेर उडेल. आणि जेवढं उडेल तेवढं मीठ कमी भरेल, ते माझ्या बहिणीच्या नावावर जाईल. दुपार होऊ दे."

दुपार झाली. मूस कोरड्या हवेच्या बंद भांड्यात थंड केली आणि काट्यावर ठेवली. मुशीचं वजन वगळून पंचावन्न पूर्णांक तीन ग्रॅम. पुन्हा तापवली, पुन्हा थंड. चोपन्न पूर्णांक आठ. तिसऱ्यांदा तापवली. चोपन्न पूर्णांक आठ. दोनदा तोच आकडा आला की आता जायला पाणी उरलेलं नाही. दोन हजार दहा किलोचे चोपन्न पूर्णांक आठ टक्के किती, हा गुणाकार मी मालकीणबाईंनाच करायला सांगितला.

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने केला, दोनदा केला. "अकराशे एक," त्या म्हणाल्या.

"अकराशे हवे होते," मी म्हणाले. "एक किलो जास्तच आहे. तो कोणी आणून ठेवला याचीही चौकशी करा, साहेब."

जिन्यावर हशा पिकला. ताई हसली नाही. ती भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

तेवढ्यात मास्तरांनी घसा खाकरला. "थंडीत हे मीठ चढतं, बाई. गेली दोन वर्षं बघतोय. दहा किलोच्या जागी मी आठच टाकतो, नाहीतर रंग गडद येतो."

"दोन वर्षं? मग सांगितलं का नाही कोणाला?" मालकीणबाई म्हणाल्या.

"कोणी विचारलं का? मला वाटलं, थंडीचा गुण."

म्हणजे पूर्ण कारखान्यात खरा आकडा एका माणसाच्या हाताला ठाऊक होता आणि खोटा आकडा माझ्या वहीत होता.

मॅनेजरने मग जिन्यावरच्या लोकांना कामाला पिटाळलं, दार लावलं आणि आवाज एकदम लोण्यात घोळला. "झालं गेलं. वजनकाट्यात बिघाड होता असं लिहून टाकू. ताईंच्या किल्ल्या परत. पाइपवर आवरण चढवतो. आणि तुमच्या वहीचं कोणी नाव काढणार नाही, काटेबाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि आबा?"

"आबांचा इथे काय संबंध?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे," मी म्हणाले. "इथे तर चोरच नव्हता, तरी दिलीत."

मी वही उघडली. बहात्तर सोमवार. प्रत्येक पानावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: नमुना निवडून घेतला, आकडा खरा नाही. खाली सही. मालकीणबाईंनी मला थांबवलं नाही. आठदहा पानांनंतर मॅनेजरच म्हणाला, "तुम्हाला कळतंय का, या सह्यांनी तुमचीच नोकरी जाईल?"

"खोट्या आकड्यांखाली बहात्तर सह्या केल्या तेव्हा नाही गेली. खऱ्याखाली केल्यावर जाणार असेल तर जाऊ दे."

भीती वाटत होती. घरभाड्याचा विचारही येऊन गेला. पण हात थांबवावा असं एकदाही वाटलं नाही. अशी उद्धट मजा मला आयुष्यात आली नव्हती.

मॅनेजरने किल्ल्या ताईपुढे धरल्या. तिने हात पदराखाली घेतले.

"पिशवी चौकात उलटी केलीत," ती म्हणाली. "किल्ल्या अशा दार लावून घ्यायच्या नाहीत मला. चौकात द्या. आणि माझ्या आधी आबांचं काय ते बोला."

"सोमवारी बघू," मालकीणबाई म्हणाल्या. मॅनेजर म्हणाला की सोमवारी मला पत्र मिळेल. मी म्हटलं, लिहिताना नमुना नीट घ्या.

आम्ही दोघी तिथूनच आबांकडे गेलो. बसच्या वर्कशॉपमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. किल्ल्या हातात देणारी नोकरी त्यांना पुन्हा कोणी दिली नव्हती. ते घरी बसून कागदी पिशव्या चिकटवत होते. टेबलभर पिशव्या, बोटांना वाळलेली खळ. आम्हाला बघून त्यांनी खुर्च्या रिकाम्या केल्या नाहीत.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खडा, भुकटी, पाइप, अठ्ठेचाळीसचे दोन आकडे. तेही सांगितलं, काही राखलं नाही. "गेल्या वर्षीचं मीठ रंगात गेलं, आबा. त्याची परीक्षा आता होणार नाही. पण तेव्हाही हेच झालं होतं, यात मला शंका नाही."

"तुला नाही," आबा म्हणाले. ते पिशवीची कड दाबत राहिले. "मला कधीच नव्हती. बारा महिने मी सांगतोय, घेतलं नाही. बारा महिने. माझं खरं मानायला तुला आधी मूस तापवावी लागली होय?"

मी रडले. आबांनी रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि ते बरोबरच होतं.

"वहीत लिहिलंय तिने," ताई म्हणाली. "लाल शाईने. पानापानावर."

"वही कोण वाचतं?" आबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मला चोर म्हणाले ते तोंडाने म्हणाले, भर चौकात. दुकानात शिरलो की दुकानदार अजून माझ्या हातांकडे बघतो. त्याला काय वही दाखवू?"

"मी सांगते तोंडाने. सोमवारी सगळे आले की—"

"सोमवार कशाला?" त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, बोटांची खळ धुतली, खुंटीवरचा शर्ट घातला आणि बटणं गळ्यापर्यंत लावली. "शिफ्ट सुटायला अर्धा तास आहे. चल."

रस्त्याने ते आमच्यापुढे चालत होते. फाटकाशी पोचलो तेव्हा भोंगा झालेला होता. पहारेकरी आबांना बघून गोंधळला. "आत येत नाही रे, घाबरू नकोस," आबा म्हणाले. "हा रस्ता तुझ्या साहेबाचा नाही." ते फाटकासमोर, सगळ्यांना दिसतील असे उभे राहिले आणि मला बोटाने शेजारची जागा दाखवली.

माणसं बाहेर पडू लागली. घड्यांचं खातं, रंगखातं, मास्तर, मघाशी जिन्यावर हसलेले सगळे. आबांना बघून पुढचे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले. मी पंचवीस वर्षं काटा आणि मूस यांच्याशीच बोललेली बाई. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आबांनी मीठ चोरलं नव्हतं," मी म्हणाले. "मीठ कुठे गेलंच नव्हतं. पाणी उडालं होतं, आणि माझ्या चुकीच्या आकड्यांवर आबांना चोर ठरवलं. चूक माझी होती."

वरच्या मजल्यावर मॅनेजरची खिडकी उघडली. "काटेबाई! काय तमाशा चालवलाय? बंद करा आधी!"

आबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ते गर्दीच्या पार शेवटच्या माणसांकडे बघत होते, जी अजून फाटकाच्या आतच होती.

"परत सांग, पोरी," ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मी परत सांगितलं, या वेळी ओरडून.